डी ड्राइव्हच्या भरवशावर राहू नका

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इचलकरंजीत घरून डीटीपीचं काम करता, १४ वर्षांच्या लग्नपत्रिका, हँडबिलं आणि बिलबुकांच्या फाइली आहेत, मुलांचे जन्मापासूनचे फोटो आहेत आणि सासऱ्यांच्या कापडदुकानाचं टॅलीही (हिशोबाचं सॉफ्टवेअर) त्याच कॉम्प्युटरवर आहे. सगळ्याची एक कॉपी डी ड्राइव्हमध्ये आहे, गूगल ड्राइव्ह सिंक चालू आहे, फार महत्त्वाचं ते पेन ड्राइव्हवर आहे. एवढं पुरे का?

पुरे नाही. मी सांगलीत २३ वर्षं कॉम्प्युटर दुरुस्ती करतो आणि त्यातली निम्मी वर्षं प्रामुख्याने गेलेला डेटा काढून देण्याचं काम केलं आहे. माझ्याकडे रडवेल्या चेहऱ्याने येणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे कॉपी असतेच, पण ती नेमकी मूळ फाइलीच्या शेजारी बसलेली असते.

आधी डी ड्राइव्हबद्दल, कारण हा गैरसमज आपल्याकडे घरोघरी आहे. तो आला कुठून हे मला ठाऊक आहे, आमच्यासारख्या दुरुस्तीवाल्यांनीच तो पसरवला. विंडोज बिघडलं की आम्ही सी ड्राइव्ह फॉरमॅट मारायचो आणि गिऱ्हाइकाला सांगायचो, 'काळजी करू नका, डी ला हात लावलेला नाही.' त्यातून डी म्हणजे तिजोरी हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. पण तुमच्या कॉम्प्युटरचं झाकण काढलंत तर बहुधा आत एकच डिस्क दिसेल. सी, डी, ई ही त्या एकाच डिस्कवर आखलेली पार्टिशन्स आहेत. एकाच खोलीत मध्ये पडदे लावावेत, तशी. विंडोज बिघडलं तर पडद्यापलीकडचं वाचतं हे खरं. खोलीला आग लागली तर पडदा काय करणार?

एक निवृत्त मुख्याध्यापक माझ्याकडे लॅपटॉप घेऊन आले होते. आठ वर्षं गावोगाव फिरून त्यांनी आपल्या घराण्याचा इतिहास लिहिला होता, जुन्या कागदपत्रांचे फोटो काढले होते. माणूस शिस्तीचा. फाइल तीन ठिकाणी होती: डेस्कटॉपवर, डी मध्ये आणि ई मध्ये. मी डिस्क बाहेर काढून टेबलावरच्या केबलला लावली. मोटर फिरल्याचा आवाज आला आणि मग टक्... टक्... टक्..., थोडं थांबून पुन्हा टक्... टक्... आणि मोटर बंद. हा आवाज आला की माझ्या पोटात गोळा येतो. डिस्कच्या आत आरशासारखी चकती मिनिटाला ५,४०० फेरे घेत असते आणि वाचणारं हेड तिच्यावर काही नॅनोमीटर अंतरावरून तरंगत असतं. हेड खराब झालं की त्याला चकतीवरच्या खुणा सापडत नाहीत, ते परत जागेवर येऊन आपटतं, पुन्हा जातं, पुन्हा येतं. तोच हा टक् टक्. आणि हेड चकतीला घासत असेल तर एका मिनिटात ५,४०० वेळा घासतं, म्हणजे जिथे अक्षरं आहेत तो लेपच खरवडला जातो. सरांनी घरी दोन दिवस 'परत एकदा लावून बघू' असं करत तो लॅपटॉप तीसचाळीस वेळा सुरू केला होता. मी डिस्क धूळमुक्त खोली असलेल्या लॅबकडे पाठवली. तिथूनही काही निघालं नाही. तीनही कॉप्या एकदम गेल्या, कारण तीनही त्याच चकतीवर होत्या.

म्हणून माझी पहिली विनंती: डिस्कमधून असा आवाज आला तर लगेच बंद करा आणि परत सुरू करू नका. फ्रिजमध्ये ठेवणं, थापट्या मारणं, यूट्यूबवर बघून उघडणं यातलं काहीही नको. बंद पडलेल्या डिस्कमधून पुष्कळदा डेटा निघतो, खरवडलेल्या चकतीवरून निघत नाही.

बॅकअपच्या प्रत्येक कॉपीला मी एकच प्रश्न विचारतो, तुम्हीही तोच विचारा. मूळ फाइल ज्या अपघाताने जाईल, त्याच अपघाताने ही कॉपीही जाईल का? चोरी, पाणी, विजेचा झटका, व्हायरस, आणि घाईत आपल्याच हातून दाबलेलं शिफ्ट-डिलीट, एवढे पाच अपघात मनात धरा. डी ड्राइव्हवरची कॉपी पाचांपैकी फार तर शेवटच्यात टिकते.

आता गूगल ड्राइव्ह. तो चालू आहे हे चांगलंच आहे, बंद करू नका. घर जळालं तरी ती कॉपी राहील. पण सिंक म्हणजे आरसा आहे हे लक्षात घ्या. तुम्ही इकडे फाइल उडवली की तिकडेही उडते. ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते, मग कायमची जाते. पत्रिकेची फाइल चुकून डिलीट झाली आणि पुढच्या लग्नसराईत तिची आठवण झाली, तर ३० दिवस कधीच उलटून गेलेले असतात. दुसरं, फुकटची जागा १५ जीबी आणि तीही जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून. ती भरली की सिंक थांबतं, आणि कोपऱ्यातल्या छोट्या चिन्हाकडे लक्ष नसेल तर महिनोन् महिने कळत नाही. आत्ता हे वाचता वाचता ते चिन्ह उघडून शेवटची फाइल कधी चढली ते बघा. आणि ज्या खात्यात दोन वर्षं कुणी लॉगिनच करत नाही, ते गूगल काढून टाकू शकतं. फोटोंसाठी कुणी कुणी वेगळं खातं उघडतात आणि विसरतात, म्हणून सांगितलं.

व्हायरसबद्दल मात्र मला सविस्तर सांगायचं आहे. गेल्या काही वर्षांत माझ्याकडच्या सर्वांत वाईट केसेस याच आहेत.

एका अकाउंटंटचा सकाळी फोन आला, 'टॅली उघडत नाही आणि सगळ्या फाइलींच्या नावापुढे काहीतरी विचित्र लागलंय.' मी जाऊन बघितलं. प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची एक नोट पडलेली. मजकूर असा, की तुमच्या फाइलींना कुलूप लावलं आहे, किल्लीची किंमत ९८० डॉलर, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मी, ४९० डॉलर. हा स्टॉप नावाचा रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस. त्यालाच डेजावू असंही म्हणतात. घरगुती आणि छोट्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तो फार सापडतो आणि येतो मुख्यतः क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून. या गृहस्थांकडे पोरानं आदल्या रात्री फोटो एडिटिंगचं 'फुल व्हर्जन' फुकट उतरवलं होतं. अँटिव्हायरस अडवत होता, म्हणून इन्स्टॉल करताना तो बंद केला, कारण क्रॅकसोबतच्या सूचनेत तसं लिहिलंच होतं.

त्यांच्याकडे बॅकअपची वेगळी एक्स्टर्नल डिस्क होती. चांगली, महागाची. ती कॉम्प्युटरला कायम जोडलेली होती, रोज रात्री आपोआप बॅकअप व्हावा म्हणून. व्हायरसला ती आणखी एक ड्राइव्ह दिसली, त्यानं तिलाही कुलूप घातलं. विंडोज स्वतः आतल्या आत ज्या जुन्या प्रती ठेवतं, त्या तर असे व्हायरस आधीच पुसून टाकतात. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये या कुटुंबातल्या जुन्या प्रकारांसाठी फुकटचं कुलूप उघडणारं साधन निघालं, पण नव्या प्रकारांत प्रत्येक कॉम्प्युटरची किल्ली वेगळी असते आणि ती त्या चोरांच्या सर्व्हरवर. त्या गृहस्थांनी गिऱ्हाइकांकडून बिलांच्या छापील प्रती गोळा करून सात महिन्यांचं टॅली पुन्हा भरलं.

हे मोठ्यांच्या बाबतीतही घडतं. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा हल्ला झाला तेव्हा मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीची यंत्रणा जगभर आडवी झाली, आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं त्यांचं टर्मिनलही थांबलं. कंपनीत कोण वापरकर्ता, कुणाला कुठवर परवानगी याची नोंद ठेवणारे सर्व्हर जगभर पसरलेले होते आणि ते एकमेकांशी सिंक होत होते. एक गेला तर दुसरा आहे, असा हिशोब. सगळे एकाच वेळी पुसले गेले. वाचला फक्त घानामधल्या ऑफिसातला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली लाइट गेली होती आणि तो नेटवर्कवर नव्हता. त्या एका सर्व्हरच्या डिस्कवरून कंपनी पुन्हा उभी राहिली. लाइट गेल्याने जे तिथे आपोआप झालं, ते तुम्हाला दर आठवड्याला मुद्दाम करायचं आहे. बॅकअप झाला की केबल काढायची.

तर तुमच्यासाठी माझा सल्ला असा. दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या, एक नको. तुमचा सगळा पसारा किती जीबी होतो ते बघा आणि त्याच्या दुप्पट-अडीचपट जागेची डिस्क घ्या. एक घरी, कॉम्प्युटरपासून दूर, गोदरेजच्या कपाटात. दुसरी घराबाहेर. तुम्ही लिहिलंय की माहेर विट्याला आहे. मग दुसरी डिस्क माहेरी.

हे अती वाटत असेल तर पंचगंगेचं पाणी आठवा. ऑगस्ट २०१९ मध्ये इथे सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. पाणी ओसरल्यावर पंधरा दिवस माझ्या दुकानापुढे गाळानं भरलेल्या सीपीयूंची रांग होती. एका कापड व्यापाऱ्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून दोन डिस्क आणल्या, एक कॉम्प्युटरमधली, एक बॅकअपची. बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये होती. म्हणजे पाणी आधी तिच्यापर्यंत पोचलं. तुमचं गाव नदीकाठचं, विटा माळावरचं. दोन्ही घरांत एकाच दिवशी पाणी शिरणं कठीण.

पुराचंच निघालंय म्हणून सांगतो, पुढेमागे उपयोगी पडेल. हार्ड डिस्कला हवेसाठी एक बारीक भोक असतं, त्यावर जाळी असते, पण गढूळ पाण्यात बुडाली की पाणी आत जातंच. लोक ती उन्हात वाळवतात आणि वाळली की लावून बघतात. वाळल्यावर गाळाचा थर चकतीवर घट्ट बसतो आणि पहिल्याच फेऱ्यात हेड त्यात अडकतं. भिजलेली डिस्क वाळवू नका, तांदळात ठेवू नका, ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत बंद करा आणि तशीच लॅबकडे पोचवा. त्या व्यापाऱ्याने एक डिस्क वाळवली होती, दुसरी विसरून तशीच राहिली होती. जी विसरली तिच्यातून बहुतेक सगळं निघालं.

डिस्क कोणती? कपाटात ठेवायला फिरणारी हार्ड डिस्कच घ्या, एसएसडी, म्हणजे चकतीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, नको. एसएसडी वेगवान असते, रोजच्या कामाला उत्तमच, पण तिच्यात माहिती विजेच्या भाराच्या रूपात साठवलेली असते आणि वीज न देता वर्षानुवर्षं ठेवली तर तो भार हळूहळू गळतो. घरगुती एसएसडीसाठीचं प्रमाण तरी काय आहे? ठरवून दिलेलं लिखाण करून ती पुरती वापरली गेल्यावर, ३० अंश सेल्सियसला, वीज न देता एक वर्ष माहिती टिकावी, एवढंच. आपल्याकडे एप्रिलमध्ये कपाटाच्या आत किती तापतं, ते तुम्हाला माहीत आहे. शिवाय एसएसडी जाताना आवाज करत नाही, संध्याकाळी चालू असते आणि सकाळी दिसतच नाही. तिच्यावरून डिलीट झालेली फाइलही सहसा परत मिळत नाही, कारण रिकामी झालेली जागा ती स्वतःहून साफ करत असते.

पेन ड्राइव्ह फक्त फाइल इकडून तिकडे न्यायला. त्यात काहीही 'ठेवू' नका. आणि ऑनलाइन पाचशे रुपयांत दोन टीबीचा पेन ड्राइव्ह दिसला तर तो खोटा असतो: आत ३२ जीबीची चिप असते, पाटी मात्र दोन टीबीची. फाइली कॉपी झाल्यासारख्या दिसतात, नावं दिसतात, उघडत नाहीत.

रोजचं काम कसं करायचं, तर दर शनिवारी काम संपलं की घरची डिस्क लावायची. विंडोजमधलं फाइल हिस्टरी चालू करा. ते फाइलीच्या जुन्या आवृत्त्याही राखून ठेवतं, म्हणजे मंगळवारी बिघडवलेली फाइल सोमवारच्या रूपात परत मिळते. फक्त ते डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशी ठरलेली फोल्डरंच घेतं. डी मधलं तुमचं कामाचं फोल्डर त्याला आपणहून सांगावं लागतं, नाहीतर नेमकं तेच राहतं. झालं की 'इजेक्ट' करून केबल काढायची आणि डिस्क कपाटात. दहा मिनिटांचं काम आहे. पहिल्या वेळी रात्रभर चालू ठेवावं लागेल.

टॅलीचं थोडं वेगळं आहे. टॅली उघडं असताना त्याचं फोल्डर कॉपी केलंत तर अर्धवट लिहिलेल्या फाइली येऊ शकतात. आधी टॅलीत उघडलेली कंपनी बंद करा, टॅलीतलाच बॅकअपचा पर्याय वापरा आणि प्रत्येक वेळी तारखेचं नवीन फोल्डर करा. जुन्यावर नवीन टाकलंत तर चूक झालेला डेटा चांगल्या डेटाला खाऊन टाकतो. सासऱ्यांना हेही सांगा, की जीएसटी कायद्यात हिशोबाच्या नोंदी वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायच्या असतात. 'कॉम्प्युटर बिघडला' हे कारण देऊन त्यातून सुटता येत नाही, म्हणून मार्चअखेरचा बॅकअप कधीच पुसू नका.

तुमच्या डीटीपीच्या फाइलींबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण तिथे डिस्क शाबूत असूनही डेटा जातो. १४ वर्षांपूर्वीच्या पत्रिका तुम्ही पेजमेकर किंवा कोरल या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये केल्या असणार. ते जुने फॉन्ट युनिकोड नाहीत, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसावं अशा सामायिक पद्धतीचे नाहीत. फाइलीत 'श्री गणेशाय नमः' असं साठवलेलंच नसतं, इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची एक ओळ साठवलेली असते आणि तो विशिष्ट फॉन्ट तिला मराठीचं रूप देतो. फॉन्ट गेला की राहतो तो कचरा. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, सातवी, २००१ सालची, त्यानंतर ते पुढे गेलंच नाही. सुटसुटीत उपाय असा, की प्रत्येक पूर्ण झालेल्या कामाची पीडीएफ करून मूळ फाइलीशेजारी ठेवा, फॉन्ट आत बसवून. फॉन्टचं आख्खं फोल्डर, सॉफ्टवेअरचा सेटअप आणि लायसन्सचा तपशील दोन्ही डिस्कवर ठेवा. श्रीलिपीसाठी डाँगल (यूएसबीला लावायची लायसन्सची किल्ली) असेल तर तो डेटाइतकाच जपा. आणि नावांच्या याद्या, मंगलाष्टका, नेहमीचे मजकूर यांची युनिकोडमध्ये रूपांतर केलेली साधी टेक्स्ट फाइल करून ठेवा. ती तुमच्या मुलांनाही उघडता येईल.

आणखी एक गोष्ट आजच बघा. नवीन लॅपटॉप घेतला असेल आणि सुरू करताना मायक्रोसॉफ्टचं खातं जोडलं असेल, तर विंडोज ११ मध्ये डिस्कचं एन्क्रिप्शन, म्हणजे माहितीला लावलेलं कुलूप, अनेकदा न विचारता चालू होतं. चोरी झाली तर चोराला तुमचे आधार आणि पॅनचे स्कॅन दिसत नाहीत, म्हणून ते चांगलं आहे. पण मदरबोर्ड बदलला किंवा डिस्क काढून दुसरीकडे लावली की ते ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर मीच काय, कुणीही तुमच्या फाइली काढू शकत नाही. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात लॉगिन करून ती शोधा आणि कागदावर उतरवा. एक कागद तुमच्याकडे, एक विट्याला. लॅपटॉपच्या बॅगेत नको.

छोट्या गोष्टी पटापट. डेस्कटॉप असेल तर यूपीएस लावा, फाइल सेव्ह होत असतानाच लाइट गेली की फाइल फाटते. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर महिन्यातून एकदा उघडा. निळं दिसलं तर ठीक, पिवळं 'कॉशन' दिसलं की त्याच दिवशी कॉपी काढा आणि डिस्क बदला. विंडोज १० वर असाल तर त्याचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला आहे, पुढचं ठरवा. फाइलींच्या नावामागचं एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलीचा प्रकार सांगणारी शेवटची अक्षरं, दिसेल असं करून ठेवा, म्हणजे 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' हे बिलाचं सोंग घेतलेलं सॉफ्टवेअर उघडं पडतं. रॅन्समवेअर आलाच तर वायफाय आणि केबल ताबडतोब काढा, पैसे भरू नका, १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार करा आणि कुलूप लागलेल्या फाइली फेकू नका. काही वेळा किल्ली वर्षा-दोन वर्षांनी बाहेर येते.

शेवटचं काम लोक करतच नाहीत, ते म्हणजे बॅकअप उघडून बघणं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत एका इंजिनियरने रात्री दमलेला असताना चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. त्यांच्याकडे पाच प्रकारांनी बॅकअपची सोय होती. उघडायला गेले तर पाचांतला एकही धड निघाला नाही. कुणीतरी सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी हाताने काढून ठेवलेली प्रत होती, तिच्यावर निभावलं. तिथे पोटापाण्याचा धंदाच सॉफ्टवेअरचा असलेली माणसं होती.

तुम्ही हे माहेरच्या फेऱ्यांना जोडून टाका: गौरी-गणपती, भाऊबीज, संक्रांत, मे महिन्याची सुट्टी. जाताना घरची ताजी डिस्क रुमालात गुंडाळून पर्समध्ये, येताना विट्याची जुनी परत आणायची आणि शनिवारी तिच्यावर बॅकअप सुरू. तिथे पोचलात की डिस्क भावाच्या कॉम्प्युटरला लावा आणि पाच फाइली उघडा: एक अगदी जुना फोटो, एक गेल्या महिन्यातला, एक टॅलीचा बॅकअप, एक पत्रिकेची पीडीएफ आणि एक पत्रिकेची मूळ फाइल. टॅलीचा बॅकअप आणि मूळ फाइल उघडायला भावाकडे ती सॉफ्टवेअरं नसतील तर तुमच्या डिस्कवरच्या सेटअपमधून टाका, म्हणजे तो सेटअप चालतो का हेही कळेल. नवऱ्या मुलीच्या नावाच्या जागी चिन्हांची रांगोळी दिसली तर समजा, फॉन्टचं फोल्डर कॉपी करायचं राहून गेलंय. घरचा कॉम्प्युटर अजून चालू आहे तोवर ते आणता येतं.